पार्वतीकाकूंकडे ठेवलेली पिशवी

१

शनिवारी जायचं आणि रविवारी संध्याकाळी परत यायचं, एवढाच तर मुक्काम होता. मैथिलीनं कपाटातून निळी पिशवी काढली, झटकली आणि पलंगावर उघडी ठेवली. पिवळा ड्रेस, रात्रीचे कपडे, टॉवेल, कंगवा, ब्रश. शेतात घालायला जुन्या चपला, त्या वर्तमानपत्रात गुंडाळून. एवढं भरूनही पिशवी अर्धी रिकामी राहिली. तिनं ती एका बोटावर उचलून पाहिली आणि तिला बरं वाटलं. दुसऱ्याच्या घरी आपल्याला जागा कमी लागावी, असं तिला नेहमीच वाटायचं.

नातेवाइकांकडे ती राहिली होती, पण तिथे जावंच लागतं. आपणहून कुणी बोलावलं, ते दहावीच्या या वर्षात पहिल्यांदाच. अर्पिता परभणीत मामाकडे राहून शिकायची. घर तिचं ताडकळसला. "हुरड्याला या गं दोघी," असं ती ईश्वरीला म्हणाली होती आणि म्हणताना तिनं मैथिलीकडेही पाहिलं होतं. दोघी म्हणजे ईश्वरी आणि आपणच, हे मैथिलीनं घरी येईपर्यंत पुन्हापुन्हा मनात तपासून घेतलं होतं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मात्र बेत बदलला.

"एक लोचा झालाय," अर्पिता डबा उघडत म्हणाली. "आमचे भागवतकाका जीप घेऊन आजच यायलेत. मागं खताची पोती हायेत, पुढं दोघीच मावतात. तू उद्या एसटीनं येशील का? मी स्टँडवर घ्यायला येते ना."

"चालेल की," मैथिली म्हणाली.

"हिला काहीही चालतंय," ईश्वरी म्हणाली. "हिला जीपमधी बसवली तरी कुणाला कळणार नाही, बसलीय म्हणून."

तिघी हसल्या. मैथिलीही हसली. चेष्टा खरी होती, म्हणून तर तिला राग धरता येईना. तिला फार काही नको होतं. या दोन दिवसांत एकदा तरी, ती जागेवर नसताना, तिथल्या कुणाला तरी चुकल्यासारखं वाटावं, एवढंच हवं होतं.

२

"शनिवारी? ताडकळसला?" आजोबांनी पंचांग मिटलं. विष्णुपंत गल्लीच्या टोकाच्या मंदिरात पूजा सांगत. लोक त्यांना दिवस विचारायला घरी येत. घरात मात्र त्यांना कुणी विचारत नसे. बाबा रोज रेल्वेनं सेलूला नोकरीला जात, कुठलाही वार असो.

"शनिवारी पूर्वेला निघू नये," ते म्हणाले.

"अहो, पोरीनं पहिल्यांदा कुठं जायचं काढलंय," आई कपड्यांवर इस्त्री फिरवत म्हणाली. ती शिक्षिका होती, शनिवारी तिची सकाळची शाळा असायची, त्यामुळे उद्याची सगळी कामं तिला आजच उरकायची होती. "आज प्रस्थान ठेवू दे तिला. मग तर झालं?"

आजोबांचा चेहरा उजळला. ते यजमानांना हे नेहमी सांगत. निघायचा दिवस अडचणीचा असेल, तर आदल्या दिवशी चांगल्या वेळेला आपली एखादी वस्तू शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. माणूस तेव्हाच निघाला, असं धरायचं. दुसऱ्या दिवशी ती वस्तू तिथून उचलायची आणि मागे न फिरता चालू लागायचं.

"दिवस मावळायच्या आत ठेव," असं सांगून ते मंदिरात गेले.

मैथिलीनं पिशवी पुन्हा उघडली. त्यातलं काय ठेवावं? टॉवेल? कंगवा?

"त्यातून काय काढतीस आणि काय ठेवतीस," आई म्हणाली. "एवढीशी तर पिशवी. सगळीच नेऊन ठेव. उद्या तिथूनच उचल."

समोरच्या घरात पार्वतीबाई एकट्या राहत. मूळच्या पेडगावच्या, मुलगा पुण्याला, लेक सासरी. ओट्यावर बसून त्या मेथी निवडत होत्या.

"ये माय," त्या म्हणाल्या. "सासरी निघालीस का?"

"नाही काकू, ताडकळसला. प्रस्थान ठेवायचंय."

"आगं बया, अजून ठेवतेत का हे? जा, आतल्या खोलीत खुर्ची हाय, तिच्यावर ठिव."

आतल्या खोलीत खिडकी बंद होती. ज्वारीच्या पिठाचा वास होता आणि भिंतीवरचं घड्याळ चालू असल्याचा आवाज. कोपऱ्यात लाकडी खुर्ची होती. मैथिलीनं पिशवी तिच्यावर ठेवली आणि ती वळली.

मागे खुर्ची कुरकुरली. एखादं माणूस टेकावं, तशी.

थंडीत लाकूड वाजतं, असं मनाशी म्हणत ती ओट्यावर आली. मागे वळून पाहायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

३

संध्याकाळी ती आपल्या खोलीत भूगोल वाचत बसली होती, तर आई दारातून गेली आणि जाताजाता दिवा बंद करून गेली.

"आई, मी आहे."

आई परत आली. दिवा लावला. "अगं, मला वाटलं कुणी नाही."

यात काही विशेष नव्हतं. आई दमलेली होती. पण जेवायला बसताना ताटं मांडली होती दोनच, एक आजोबांचं आणि एक आईचं. बाबा रात्रीच्या गाडीनं येणार होते, त्यांचं झाकून ठेवलेलं होतं. मैथिली पाटाजवळ उभी राहिली. आई वाढत होती, आजोबा चित्राहुती घालत होते. बसायला जागा होती. बस म्हणायला कुणी नव्हतं. तिनं मांडणीवरून स्वतःच ताट घेतलं. ताटाच्या आवाजानं दोघांनी वर पाहिलं.

"विसरलेच की मी," आई म्हणाली. "मला आपलं डोक्यात, की ही गेली."

"प्रस्थान ठेवलं म्हणजे गेलीच म्हणायची," आजोबा हसून म्हणाले. "आता ही घरात आहे ती वाटसरूसारखी. काय ठेवलंस, बाळ?"

"पिशवी."

"पिशवीतलं काय?"

"सगळीच पिशवी. आई म्हणाली."

आजोबांचा घास हातातच राहिला. "सगळी? चपलासुद्धा?"

"मग काय झालं," आई म्हणाली.

"झालं काही नाही." त्यांनी घास ताटात ठेवला. "पण थोडंच ठेवायचं असतं गं. बाकीचं माणसाजवळ राहू द्यायचं. सगळंच पुढं गेलं तर..." पुढचं त्यांनाही माहीत नसावं. कुणी आजवर तसं केलंच नव्हतं. "सकाळी लवकर उचल म्हणजे झालं," ते म्हणाले आणि ताक मागितलं.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. आईनं डाव्या हातानं तो कानाला लावला.

"हां, बोल. पोचलीस का? बरं झालं. थंडी हाय का तिकडं? अगं हळू बोल, केवढी हसायलीस." आईच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. मैथिलीनं ते बऱ्याच दिवसांनी पाहिलं. "बरं बाळा. अंगावर घेऊन झोप. ठेवते."

फोन ठेवून आई आमटी वाढायला वळली आणि तिची नजर मैथिलीवर पडली. पळी तशीच थांबली.

"कोण होतं?" मैथिलीनं विचारलं.

आई तिच्याकडे पाहत राहिली. तिच्या कपाळावर आठी आली, झोपेतून उठलेल्या माणसासारखी. "अर्पिता," ती शेवटी म्हणाली. "अर्पिताच असणार. पोचलो म्हणाली." मग आमटी वाढत, स्वतःशीच बोलल्यासारखी, "आवाज कसा सारखा येतो फोनवर."

४

सकाळी मैथिली उठली तेव्हा आई शाळेत गेली होती. बाबा ती झोपेत असतानाच ‘नीट जा’ म्हणाले होते आणि पहिल्या गाडीनं निघूनही गेले होते. आजोबा मंदिरात निघताना कुलूप हातात घेऊन दारात थांबले, म्हणून ती घाईनं बाहेर आली. त्यांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवताना तो आधी थोडा बाजूला पडला, मग सापडला.

"मागं फिरू नकोस," ते म्हणाले.

पार्वतीकाकू अंगणात सडा टाकत होत्या.

"काकू, पिशवी न्यायला आले."

"कोणती पिशवी?"

"काल ठेवली होती ती."

"आगं, ती तर तू कालच नेलीस की." काकूंनी बादली खाली ठेवली. "मी भाकरी करायले व्हते. आलीस, काकू जीप थांबलीय म्हणलीस, पिशवी घेतलीस. लय खुशीत व्हतीस बघ. इतकी वर्षं समोर राहतीस, पर इतकं कधी बोलली न्हाईस माझ्याशी. जाताना गळ्यात पडलीस. मला माझी लेक आठवली."

"काकू, मी नव्हते."

"मग कोन व्हतं?" त्या हसल्या. "जा माय, गाडी चुकंल."

उघड्या दारातून आतली खुर्ची दिसत होती. तिच्यावर काही नव्हतं. काल ती भिंतीकडे तोंड करून होती. आता दाराकडे होती.

मैथिली गल्लीत उभी राहून विचार करू लागली. विचार केला की गोष्टी जागेवर बसतात, असा तिचा अनुभव होता. ईश्वरी आली असेल. ओझं नको म्हणून पिशवी आधीच घेऊन गेली असेल. काकूंची नजर अधू झालीय, संध्याकाळची वेळ, चुलीचा धूर. ईश्वरी बोलते भरपूर, गळ्यातही पडते. हे इतकं सरळ होतं, की तिला ईश्वरीबद्दल माया वाटली. आपल्यासाठी कुणी वाट वाकडी करून घरापर्यंत आलं होतं.

घराला कुलूप होतं. तिकिटापुरते पैसे मुठीत होते. ती स्टँडकडे निघाली. हात मोकळे होते आणि चालताना त्यांचं काय करावं, ते तिला समजेना.

५

ताडकळसच्या गाडीत गर्दी नव्हती. ती खिडकीशी बसली. गाडी सुटता सुटता एक बाई आल्या, हातातलं गाठोडं सरळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि वर स्वतः बसायला वाकल्या.

"काकू," मैथिली म्हणाली.

बाई दचकून उठल्या. "आगं माय. हाय का इथं कुनी. मला शीट रिकामं दिसलं." त्या समोरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि पदरानं तोंड पुसत तिच्याकडे, मग तिच्या शेजारच्या खिडकीकडे पाहत राहिल्या.

कंडक्टर तिकिटं देत आला. तिनं पैसे पुढे केले. तो मागच्या माणसाशी बोलत निघून गेला. तो परत येताना तिनं पुन्हा हात पुढे केला. त्यानं हाताला वळसा घातला, वाटेत आलेल्या फांदीला घालावा तसा.

बाहेर कापूस वेचून झालेली रानं होती, मधूनमधून हिरवा हरभरा. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरते का, हे तिला पाहायचं होतं. तिनं पाहिलं नाही. थंडी काही एवढी नव्हती, नाही धरली तर त्यात नवल काय, असं तिनं आधीच ठरवून टाकलं.

मुठीतले पैसे तसेच घेऊन ती उतरली.

६

स्टँडवर अर्पिता नव्हती. मैथिली बाकावर बसली. एक गाडी आली, गेली. मग आणखी एक. प्रत्येक वेळी ती उठून उभी राहायची, म्हणजे अर्पिताला लांबून दिसावं. शेवटी ती चहाच्या टपरीपाशी गेली आणि दोनदा खाकरली, तेव्हा टपरीवाल्यानं मान वर केली.

"भागवतकाकांचं शेत कुठं आहे?"

"भागवतरावाचं? ह्या गाडवाटेनं जा, वढा लागंल, त्याच्या पल्याड. हुरड्याला आलीस व्हय? तुमच्यातल्या तिघी तर कालच आल्या."

"दोघी," मैथिली म्हणाली.

"तिघी. इथंच चहा प्यायला की. दोघी पुढं बसल्या व्हत्या, एक मागं पोत्यावर." तो हसायला लागला. "ती पोत्यावरची, काय पोरगी हाय. आख्खं स्टँड डोक्यावर घेतलं. भागवतरावानं हसून हसून चहा सांडला बघ. पुढच्या दोघी म्हणायल्या, आता आमी बी मागंच बसताव हिच्याजवळ."

मैथिली गाडवाटेला लागली. तिच्या मनात भीती यायला हवी होती आणि ती होतीही, कुठेतरी खाली. पण वर वेगळीच एक गोष्ट तरंगत होती. पोत्यावर बसते, असं म्हणता आलं असतं. काल मधल्या सुट्टीत, डबा समोर असताना, ‘मी बसते की मागं’ एवढं म्हणायचं होतं. तिला ते का सुचलं नाही?

खरं तर सुचलं होतं. ओठांपर्यंत आलं होतं.

७

ओढ्यापलीकडे ज्वारी माणसापेक्षा उंच उभी होती. तिच्यातून वाट गेली होती, एका माणसापुरती. गोवऱ्यांच्या धुराचा वास आला, मग भाजलेल्या कणसांचा, मग हसण्याचा आवाज.

कुणीतरी विज्ञानाच्या सरांची नक्कल करत होतं. सर खडू हरवला की आधी खिसे तपासतात, मग मुलांकडे संशयानं पाहतात, आणि खडू त्यांच्या कानावर असतो. मैथिलीनं हे वर्षभर टिपलं होतं. कानावरचा खडू दिसल्यावर सर काय म्हणत असतील, ते वाक्यही तिनं मनात रचून ठेवलं होतं. कुणाला कधी सांगितलं नव्हतं. ते वाक्य आता ज्वारीपलीकडून जसंच्या तसं आलं आणि पाठोपाठ सगळे खो-खो हसले.

आवाज तिला आधी ओळखू आला नाही. स्नेहसंमेलनात एकदा तिचं निवेदन कुणीतरी फोनवर टिपून तिला ऐकवलं होतं, तेव्हाही असंच झालं होतं.

तिनं ज्वारीची दोन ताटं बाजूला केली.

आगटीभोवती पोती अंथरली होती. अर्पिता होती, ईश्वरी होती, भागवतकाका कणसं परतत होते. आणि मैथिलीकडे पाठ करून एक मुलगी बसली होती. पिवळा ड्रेस. आपली पाठ कशी दिसते, हे मैथिलीला माहीत नव्हतं. ते कुणालाच माहीत नसतं. पण ड्रेसची खालची दुमड तिनं स्वतः शिवली होती, पांढऱ्या दोऱ्यानं, कारण पिवळा संपला होता. तो पांढरा दोरा उन्हात दिसत होता. अर्पितानं हसता हसता डोकं त्या मुलीच्या खांद्यावर टेकलं आणि तसंच राहू दिलं.

"कोन गं माय?"

मागून एक बाई आल्या होत्या, डोक्यावर कणसांची पाटी. अर्पितासारखंच नाक. अर्पिताची आई.

"बघितल्यावानी वाटतीस," त्या तिच्याकडे निरखून पाहत म्हणाल्या. "कुनाची तू? आमच्याकडं आलीस का?"

एक पाऊल पुढे टाकलं की झालं असतं. मी मैथिली, असं म्हणायचं. मग ती पिवळ्या ड्रेसमधली वळली असती, सगळ्यांनी आळीपाळीनं दोघींकडे पाहिलं असतं, आणि त्यांना ठरवावं लागलं असतं, की यांतली कोणती ठेवायची. मैथिलीनं अर्पिताच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यांनी काय ठरवलं असतं, ते तिला माहीत होतं. तिनंही तेच ठरवलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "वाट चुकले."

"नाव काय तुझं?"

"मनिषा."

हे नाव कुठून आलं, कोण जाणे. पण ते सहज आलं. स्वतःचं नाव सांगताना आजवर तिचा आवाज नेहमी अडकायचा.

"धर, मनिषा. तशीच रिकामी नगं जाऊस." बाईंनी पाटी उतरवली, कमरेच्या फडक्यातून ताज्या हुरड्याची मूठ काढून तिच्या ओंजळीत घातली. दाणे अजून गरम होते. "जरा बसतीस का? पोरी हायेत तिकडं, तुझ्याच वयाच्या."

"नको. गाडी आहे माझी."

ती वळली आणि वाटेला लागली. ओंजळ छातीशी धरून चालू लागली. पाती दंडांना घासत होती. मागे बाईंचा आवाज आला, ‘कुनीतरी पोरगी व्हती, मनिषा नावाची, एकटीच व्हती बिचारी.’ त्यानंतर हसणं थांबलं.

मग ज्वारीत सळसळ झाली. वारा नव्हता. कुणीतरी वाट सोडून ताटांमधून येत होतं, घाई न करता.

"मनिषा."

मैथिली चालत राहिली.

"ए मनिषा, थांब की गं."

आवाज तिचाच होता. पण इतकी माया तिच्या आवाजात कधी नव्हती. कुणी नाव घेऊन तिच्या मागे असं धावत आल्याचं तिला आठवत नव्हतं, शाळेत नाही, गल्लीत नाही, घरीही नाही. सळसळ अगदी कानाशी आली आणि तिथेच थांबली. वाट पाहत.

मागं न फिरता पुढचं पाऊल उचलायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

"ओ," ती म्हणाली.